रघुजीअण्णा ‘सरी’ म्हणाला

नीरजानं आपल्या थोरल्या दिराला पहिल्यांदा नीट पाहिलं ते स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत, आणि तेव्हा तो एका वाढप्याच्या मुस्काटात मारत होता.

ब्याण्णवचा मे महिना. कन्नड मुलखातल्या यशवंतपूरच्या कार्यालयात पुण्याकडची मंडळी जेवायला बसली होती. वाढप्याच्या हातातली कढत साराची बादली हिंदकळली आणि पंगतीतल्या एका म्हाताऱ्या आत्याच्या हातावर सांडली. आत्या ओरडायच्या आधीच रघुजी तिथं पोचला होता. थप्पड अशी बसली की वाढपी बादलीसकट खाली बसला. पुण्याकडच्यांचे घास हातातच राहिले. मग त्याच रघुजीनं गुडघे टेकले, आत्याचा हात मांडीवर घेतला, गार पाणी मागवलं आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी त्या हातावर धार धरून बसला. पंगत उठेपर्यंत बसला. जाताना वाढप्यालाही हात देऊन उठवलं, त्याचा खांदा झटकला आणि म्हणाला, “स्वल्प बघून वाढ की रे.”

नीरजाचे मामा तिच्या कानाशी लागून म्हणाले, “पोरी, हा माणूस चांगला की वाईट, ते तू ठरव आणि आम्हाला कळव.”

मामांना कळवण्यासारखं काही नीरजाला पुढं बराच काळ ठरवता आलं नाही.

नीरजा हडपसरची. तिच्या माहेरी कुणी कुणावर हात उचलत नसे. फार झालं तर अबोला धरत. सासर मात्र वेगळंच निघालं. ही माणसं मराठी खरी, पण कित्येक पिढ्यांमागं फौजेबरोबर इकडं आलेली आणि परत न गेलेली. त्यांच्या बोलण्यात बाजारातलं कन्नड चपला न काढताच घरात शिरायचं. थोड्याला ‘स्वल्प’, थोरल्या भावाला ‘अण्णा’, आणि दर दोन वाक्यांनंतर ‘सरी’. चहा हवा का, सरी. पाऊस येणार, सरी. अमका गेला हो, सरी. नीरजानं पहिल्याच आठवड्यात अर्थ ठरवून टाकला: सरी म्हणजे बरोबर, सरी म्हणजे हो. आणि ती मनातल्या मनात तसं भाषांतर करू लागली.

घरात माणसं चारच. सासूबाई सोयराबाई, बिनलग्नाचा रघुजी, त्याच्याहून बराच धाकटा रणजीत म्हणजे नीरजाचा नवरा, आणि नीरजा. सासरे, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, आधीच गेले होते. मागं ठेवून गेले एक पिकअप गाडी आणि मारण्याची विद्या. दोन्ही रघुजीकडे आल्या.

रघुजीच्या मारण्याला व्याकरण होतं. बायका, म्हातारे आणि जनावरं यांच्यावर तो कधी हात टाकत नसे. बाकी सगळे त्याच्या हाताच्या टप्प्यात. आधी मारायचं, मग विचारायचं, मग चहा पाजायचा, हा क्रम. मार्केट यार्डात बटाट्याचं पोतं हळू उतरवण्याऐवजी जमिनीवर आपटणाऱ्या हमालाचा त्यानं ओठ फाडला होता. आईवरून शिवी दिली म्हणून एका लॉरीवाल्याला केबिनमधून ओढून काढलं, त्या झटापटीत स्वतःची भुवई फोडून घेतली, आणि टाके पडताना तो लॉरीवाला शेजारच्याच बाकावर आहे हे पाहून त्याच्यासाठी कॉफी मागवली. घरात स्वयंपाकघराच्या दाराची एक फळी आतल्या अंगानं फुटलेली होती. तिच्यावर कॅलेंडर टांगलेलं असे. मूठ कुणाची, हे नीरजानं विचारलं नाही. कॅलेंडर बदलताना भोकाचा आकार दिसलाच.

“अण्णाचा हात वाईट गं,” सोयराबाई म्हणत, “मन नव्हे.”

“आई, मन कुणाला लागत नाही,” नीरजा एकदा म्हणाली. “लागतो तो हातच.”

रणजीतला डाव्या कानानं ऐकू येत नसे. हे तिला लग्नानंतर कळलं. लहानपणी ताप डोक्यात गेला, असं घरात सांगत. खरं काय ते रणजीतनंच एकदा दाढी करता करता, आरशात बघत सांगितलं. तो शाळेत होता, यार्डातल्या पोरांबरोबर विडी ओढताना रघुजीला दिसला. रघुजीचा उजवा हात, रणजीतचा डावा कान. कानातून रक्त आलं तेव्हा रघुजीनं त्याला खांद्यावर टाकलं आणि दवाखान्यापर्यंत पळत गेला. वाटेत रडत होता, आणि वाटेत आडवं आलेल्या एका सायकलवाल्याला लाथही घातली.

तेव्हापासून रघुजी कायम रणजीतच्या उजव्या बाजूला चाले. उजव्या बाजूला बसे, उजवीकडूनच बोले. गाडी कधी रणजीतच्या हाती देत नसे. लोकांना वाटे, गाडीचा लोभ. पण चालवणारा रघुजी असला की शेजारी बसलेल्या रणजीतचा ऐकता कान त्याच्याकडे राही, एवढीच गोष्ट होती. ही सवय नीरजाच्या लक्षात आली त्या दिवशी तिला दिराची माया वाटली. पण भीती काही कमी झाली नाही.

आता त्या गाडीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

गाडी पुढून जीपसारखी, मागं फळ्यांचा हौदा, रंग हिरवा, जिथं उडाला तिथं वेगळाच हिरवा. यार्डातला कांदा-बटाटा गावभरच्या दुकानांना आणि खाणावळींना पोचवायचा, हा दोघा भावांचा धंदा. अशा जुन्या इंजिनाचं तेल गाळायला एक लोखंडी डबा असे आणि त्यात कागदाचा गाळा घालावा लागे. तो गाळा मिळेनासा झाला, तेव्हा आप्पांनी लेथवाल्याकडून इंजिनावर नवं तोंड करून घेतलं, म्हणजे तयार डबाबंद फिल्टर हातानं फिरवून लावता यावा. त्या तोंडाचे आटे इंचाच्या मापाचे. दुकानात गाडीचं नाव सांगून फिल्टर मागितला, की दुकानदार देणार तो नव्या गाडीचा, मिलिमीटरच्या आट्यांचा. उंची तीच, घेर तोच. आणि घात असा, की तो चढायचाही. दोन मापांत फरक इतका थोडा, की चुकीचा फिल्टर गोल फिरत वर जाई, रबरी वळी टेकली की घट्टसुद्धा वाटे. पण आट्यांना पकड नसे. गाडी भरली, चढ आला, तेलाचा जोर वाढला, की सुटलाच.

“चढला म्हणजे बसला नव्हे,” असं आप्पा म्हणत. त्यांनी इंचाच्या आट्यांचा एक बोल्ट कायम खिशात ठेवलेला असे. नवा फिल्टर दुकानातच त्या बोल्टवर फिरवायचा आणि हलवून बघायचा. डुगडुगला की परत. आप्पांच्या मागं तो बोल्ट रघुजीच्या खिशात आला.

नीरजाला दिवस गेले तेव्हाची गोष्ट. तिसरा महिना होता. ती दारात तांदूळ निवडत होती आणि समोरच्या रस्त्यावर रघुजी एका हमालाला भिंतीशी धरून मारत होता. हमालाचं डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज तिला ऐकू आला. एकदा, मग पुन्हा. तिनं सूप खाली ठेवलं. हमाल गेल्यावर, रघुजी पायरीवर बसून चपलेचा पट्टा नीट करत होता, तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“भावजी, एक सांगायचंय. माझं मूल या घरात हे बघत वाढणार नाही. पुन्हा तुम्ही हात उचललात तर मी पुण्याला जाईन. हे आले तर ह्यांना घेऊन, नाही आले तर एकटी. पण परत येणार नाही.”

रघुजीनं मान वर केली नाही. पट्टा ओढून बघितला.

“सरी,” तो म्हणाला.

नीरजाचं काळीज हलकं झालं. तिनं धावत जाऊन रणजीतला सांगितलं, “भावजी कबूल झाले! पुन्हा हात उचलणार नाही म्हणाले.”

“अण्णा? असं म्हणाला?” रणजीतचा विश्वास बसेना. मग तो इतका हसला, की तिलाच कसंतरी झालं.

आणि खरोखर, दोनेक महिने रघुजीनं कुणाला मारलं नाही. निदान घरासमोर तरी नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. इकडे आयुधपूजा म्हणतात आणि तिचा थाट दसऱ्याहून मोठा. गाड्या धुवायच्या, केळीचे खुंट बांधायचे, कोहळा फोडायचा. हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

रणजीतनं सकाळीच इंजिनाचं जुनं तेल काढलं होतं. नवा फिल्टर आदल्या दिवशी रघुजी आणणार होता, तो विसरला. सोयराबाई ऐकेनात. तेल काढलेली गाडी पूजेला उभी करायची नाही. उपाशी पोटी कुणाला ओवाळत नाहीत. रणजीतचे हात कोपरापर्यंत काळे. रघुजी खुंट आणि कोहळा आणायला गेलेला.

“मी आणते फिल्टर,” नीरजा म्हणाली.

“जुना बरोबर ने. आणि आप्पांचा बोल्ट ने,” रणजीत म्हणाला.

बोल्ट पाटावर होता. पाने, हातोडी, मोठा व्हील पाना, सगळे ओळीनं, आणि कडेला आप्पांचा बोल्ट, हळदीनं पिवळा, वर झेंडूचं फूल.

“उचलायचा नाही,” सोयराबाई म्हणाल्या.

“अहो आई, बोल्ट आहे तो.”

“असू दे. पाटावर बसला की आयुध झालं. सासऱ्याचा आहे तुझ्या.”

नीरजा जुना फिल्टर घेऊन गेली. दुकानदारानं गाडीचं नाव विचारलं, तिनं सांगितलं. त्यानं दिलेला फिल्टर तिनं जुन्याशेजारी ठेवून पाहिला. उंची, घेर, रबरी वळी, सगळं जुळलं. आतले आटे डोळ्यांनी जुळवता येत नाहीत. तिनं आणला.

घरी आली तेव्हा रघुजी दारात केळीच्या खुंटवाल्याशी भांडत होता. एक खुंट पिचका निघाला होता आणि खुंटवाल्याची गचांडी रघुजीच्या मुठीत होती. नीरजाला पाहून मूठ सैल झाली.

“भावजी, हा बघा. बरोबर आहे ना?”

रघुजीनं मान वळवली, फिल्टरकडे एकदा पाहिलं. “सरी,” म्हणाला, आणि पुन्हा खुंटवाल्याकडे वळला.

नीरजा गाडीपाशी गेली. रणजीतनं गाडीखाली शिरून फिल्टर वर चढवला. पहिल्या दोन फेऱ्यांत त्याच्या बोटांना काहीतरी लागलं. तो थांबला.

“स्वल्प हलतो गं. अण्णानं बघितला?”

“बघितला. बरोबर आहे म्हणाले.”

रणजीत क्षणभर तसाच पडून राहिला. बोटं एक सांगत होती आणि अण्णा दुसरं. पुन्हा जाऊन विचारावं तर ‘माझ्यावर विश्वास नाही?’ म्हणून सणसणीत एक बसणार, सणाच्या दिवशी, बायकोसमोर. त्या घरात बोटांपेक्षा अण्णाचा शब्द मोठा होता. त्यानं फिल्टर आवळला, तेल भरलं, इंजिन चालू करून पाहिलं. एक थेंब गळला नाही.

संध्याकाळी गाडीची पूजा झाली. रघुजीनं कोहळ्याला खाच पाडून आत कुंकू भरलं आणि गाडीसमोर रस्त्यावर असा आपटला की लाल चिखल शेजारच्या भिंतीपर्यंत उडाला.

दसऱ्याच्या सकाळी गाडी बटाटे भरून जे. पी. नगरकडे निघाली. तिथल्या एका खाणावळीत लग्नाची मोठी ऑर्डर होती. पुढं काय झालं ते नीरजाला नंतर रणजीतकडून कळलं. चढावर गाडीखाली काहीतरी धप्प झालं. तेलाचा लाल दिवा लागला. रघुजीला तो सकाळच्या उन्हात दिसला नाही. इंजिन आधी खडखडलं, मग किंचाळलं, मग एकदम जाम झालं. मागं रस्त्यावर तेलाचा काळा पट्टा पडला होता आणि त्यावरून स्कूटरवर सणाचे नवे कपडे घातलेले नवराबायको येत होते. बायको बाजूला फेकली गेली, ती वाचली. नवऱ्याचा पाय स्कूटरखाली आला. नडगीचं हाड बाहेर आलं.

गर्दी जमायला वेळ लागत नाही. दोघांनी रघुजीला दार उघडून खाली ओढलं. रघुजी मार खाणाऱ्यांतला नव्हता. त्यानं पहिल्याचं नाक फोडलं. मग सगळेच तुटून पडले. त्याच्याच गाडीला बांधलेले केळीचे खुंट उपटून त्यांनी त्याला बडवलं. खुंट मऊ, ते फुटत गेले आणि चिकाचे डाग पडत गेले. पण कुणाच्या तरी हातात दगड होता. रणजीत मध्ये पडला, त्याच्या गुडघ्यावर लाथ बसली. कुणी बटाटे लुटले, कुणी तेच फेकून मारले. पोलीस आले, जखमीला रिक्षात घातलं, या दोघांना ठाण्यावर नेऊन दुपारी सोडलं. इंजिन कामातून गेलं होतं.

घरी येताना रघुजीच्या मुठीत तो फिल्टर होता. रस्त्यावरून उचलून आणलेला.

नीरजा दारात आली तेव्हा दोघं पायरी चढून आत आले होते. रघुजीचा सदरा फाटलेला, भुवईतून रक्त उतरलेलं. रणजीत लंगडत होता. आणि सवयीप्रमाणे रघुजी रणजीतच्या उजव्या बाजूला उभा होता.

“कोणी आणला हा?” त्यानं फिल्टर पुढं करून विचारलं.

“मी,” रणजीत म्हणाला.

“बोल्टवर फिरवलास?”

“नाही.”

थप्पड नव्हती ती. बंद मूठ होती, आणि ती रणजीतच्या उजव्या कानावर बसली. रणजीत भिंतीवर आपटून खाली सरकला.

“मी आणला!” नीरजा ओरडली. “त्यांनी नाही, मी! तुम्हाला दाखवला होता. तुम्ही बरोबर म्हणालात!”

“मी? मी कधी बरोबर म्हटलं?” रघुजीनं डाव्या हातानं रणजीतला गचांडी धरून उभं केलं आणि दाराच्या चौकटीशी दाबलं. “बायकोच्या चुकीला पांघरूण घालतोस? बायकोला खोटं शिकवतोस?” बायकांवर हात टाकायचा नाही, हे व्याकरण अजून शाबूत होतं. म्हणून तिच्या चुकीचं रणजीतला मिळणार होतं.

“अहो!” नीरजानं रणजीतला हाक मारली. “अहो, इकडे बघा!”

रणजीतनं तिच्याकडे पाहिलं नाही. तो रघुजीच्या ओठांकडे पाहत होता, डोळे बारीक करून, एखादी ओळ वाचावी तसा.

ह्यांना ऐकू येत नाहीये. एवढं एकच तिच्या डोक्यात आलं. एकच कान उरला होता, तो गेला.

रघुजीचा उजवा हात मारायला मागं गेला, तो दाराच्या दुसऱ्या बाजूच्या चौकटीला टेकला. पूजेचा पाट दाराशीच होता. नीरजानं व्हील पाना उचलला. त्यावरचं झेंडूचं फूल खाली पडलं. कुंकू तिच्या तळव्याला लागलं. तिनं दोन्ही हातांनी पाना फिरवला आणि चौकटीवर टेकलेल्या त्या हातावर घातला.

सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. रघुजीच्या तोंडून आवाज आलाच नाही. त्यानं वळून आपल्या हाताकडे पाहिलं, तो अजून चौकटीवरच होता. नीरजानं पुन्हा घातला. पहिल्यांदा घातला तेव्हा ती घाबरलेली होती. दुसऱ्यांदा तिला ठाऊक होतं, आपण काय करतो आहोत.

मग रघुजी गुडघ्यांवर आला आणि ओरडला. पाच महिन्यांची गरोदर नीरजा पाना धरून उभी. चौकटीवर रक्त आणि कुंकू, कुठलं कोणतं ते सांगता येऊ नये.

सोयराबाई मागच्या दारानं धावत आल्या. त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते नीरजाच्या हाताकडे.

“पूजेतला पाना!” त्या किंचाळल्या. मग त्यांना बाकीचं दिसलं. त्यांनी कपाळ बडवून घेतलं. “लेकाचा हात मोडलास गं माझ्या! कसाब आहेस का?”

“आणि ह्यांचा कान गेला तेव्हा तुम्ही कुठं होतात?”

सोयराबाईंचा हात कपाळाशीच राहिला.

“चुलीपाशी,” त्या म्हणाल्या. “चुलीपाशीच होते.” आणि खाली बसून त्यांनी पदरानं थोरल्याचा हात बांधायला घेतला.

दवाखान्यात रघुजीनं सांगितलं, जॅक घसरला. डॉक्टरांनी त्याच्या भुवईकडे, सदऱ्यावरच्या चिकाच्या डागांकडे पाहिलं आणि जॅक लिहून टाकलं.

नीरजानं बॅग भरली. रणजीतच्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. डॉक्टर म्हणाले होते, पडदा शाबूत दिसतो, वाट बघा. दोन दिवस ती त्याच्याशी खुणांनी बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेर भंगारवाल्याची आरोळी आली आणि रणजीतनं मान वळवली. नीरजा तिथंच बसून रडली. बॅग मात्र तिनं उघडली नाही.

रघुजी प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. जेवण सोयराबाई भरवत होत्या. नीरजा बॅग घेऊन त्याच्यामागं येऊन उभी राहिली.

“मी सरी म्हटलेलं,” तो रस्त्याकडे बघतच म्हणाला. “रणजीत सांगत होता. तू त्याला बरोबर म्हणून सांगितलंस.”

“सरी म्हणजे बरोबरच ना?”

“नव्हे गं. सरी म्हणजे, ऐकलं. असू दे, ठेव, बघतो. तुला वाटलं बघितलं. मला वाटलं तू ठेवशील. बरोबर म्हणायचं तर मी हातात घेतला असता की.”

नीरजानं बॅग पायरीवर ठेवली. मग तिनं विचारलं, “आणि मी पुण्याला जाईन म्हटलं होतं, तेव्हाचं सरी? ते कुठलं?”

रघुजीनं प्लॅस्टरवरून डावा हात फिरवला.

“तेही तसलंच,” तो म्हणाला. “ऐकलेलं.”

खोटं बोलला असता तर ती गेली असती. पुढं तिनं रणजीतला तसं सांगितलंही.

“मग आता माझ्या मराठीत सांगा,” ती म्हणाली. “सरी नको. पुरं वाक्य सांगा.”

रघुजीला पुरं वाक्य बोलायची सवय नव्हती. ओठ दोनदा हलले.

“मी कुणावर हात उचलणार नाही.”

“उचलता येतोय कुठं आता,” दारातून रणजीत म्हणाला. कुणी हसलं नाही. मग सोयराबाईंनाच कसं कोण जाणे हसू फुटलं, आणि त्या हसता हसता रडू लागल्या.

नीरजानं बॅग आत नेली, पण भरलेलीच ठेवली. मुलगी झाली, तिचं नाव रम्या ठेवलं, ती रांगायला लागली, तरी बॅग कपाटावर तशीच होती. लागेल तेव्हा त्यातून साडी काढायची आणि धुऊन परत त्यातच ठेवायची.

प्लॅस्टर निघालं तेव्हा हाडं वेडीवाकडी जुळली होती. बोटं अर्धी वळत आणि तिथंच थांबत. मूठ होईना. रघुजीनं पुष्कळ तेल चोळलं, कणीक मळली, रबरी चेंडू दाबला. नीरजा ते बघत असे. तिला वाईट वाटे आणि ती कणीक पुन्हा मळून घेई. वाईट वाटतं म्हणून पश्चात्ताप होतो असं नसतं, हे तिला त्या दिवसांत कळलं.

डावा हात मात्र चांगला होता, आणि भीती त्याचीच होती. एकदा यार्डात हमालानं पोतं सोडलं ते थेट रघुजीच्या पायावर. अंगठ्याचं नख निघालं. नीरजा रम्याला कडेवर घेऊन डबा द्यायला आली होती. रघुजीचा डावा हात वर गेला. हमालानं डोळे मिटले. हात वर तसाच राहिला आणि मग तो हात मानेमागं गेला आणि खाजवू लागला. खूप वेळ खाजवत राहिला. मान लाल झाली. हमालाला त्यानं आईबहिणीवरून अशा शिव्या दिल्या, की नीरजानं रम्याचे कान झाकले. पण मारलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं कपाटावरची बॅग खाली काढून रिकामी केली. मामांना पत्र लिहायला बसली, आणि काय लिहावं ते न सुचून उठली.

पिकअपमध्ये दुसरं इंजिन बसलं, तेही जुनंच. फिल्टर आणायला आता नीरजा जाते. बोल्ट तिच्या पर्समध्ये असतो आणि खंडेनवमीला तो पाटावर ठेवायचा नाही, हे सोयराबाईंनी स्वतःच ठरवलं. रणजीत फिल्टर चढवतो, आणि बोटांना काही लागलं तर तो तसं मोठ्यानं सांगतो.

रघुजी यशवंतपूरच्या त्याच घरात राहतो. लग्न त्यानं केलं नाही. उजव्या हाताच्या बोटांत घास धरता येत नाही, म्हणून तो डाव्या हातानं जेवतो.